धर्मशाळा, लॉज आणि नगराचे आरोग्य

कोणत्याही नगराची परीक्षा त्याच्या बाजारपेठेच्या झगमगाटावरून करू नये. ज्याची गावात ओळखदेख नाही, ज्याच्या कनवटीला थोडकेच पैसे आहेत, असा परगावचा मनुष्य त्या नगरात रात्री कोठे निजतो, कोणते पाणी पितो व पहाटे शौचास कोठे जातो, एवढे पाहिले म्हणजे त्या नगराच्या कारभाराची खरी किंमत कळते. नगरातला कायमचा रहिवासी घरपट्टी भरतो, मत देतो व प्रसंगी ओरडही करतो, म्हणून त्याच्या मोरीकडे कोणी ना कोणी पाहते. एका रात्रीचा पाहुणा यांपैकी काहीच करीत नाही. त्यामुळे त्याच्या निजण्याच्या जागेकडे पाहण्याचे काम कोणाचेच नसते. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी या प्रश्नाकडे दुर्लक्ष चालू ठेवणे आता परवडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत असल्यामुळे आज त्याविषयी चार शब्द लिहीत आहो.

पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख १९०५ साली यवतमाळ जिल्हा झाला. तेव्हापासून कचेरी, कोर्ट, कापसाचा बाजार आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय या चार खुंट्यांस या गावाचे जीवन टांगलेले आहे. आणि या चारही खुंट्या परगावच्या माणसांस ओढून आणणाऱ्या आहेत. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतीत २७ लाख ७२ हजारांवर होती. झरी-जामणीचा किंवा मारेगावचा आदिवासी शेतकरी आपल्या आजारी मुलास घेऊन श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येतो, उमरखेडचा पक्षकार तारखेस येतो, परीक्षेचा विद्यार्थी येतो, व्यापाऱ्याचा फिरता विक्रेता येतो, आणि दिवाळीनंतर कापूस वाहू लागला म्हणजे जिनिंग-प्रेसिंगच्या कामावर मजूर कुटुंबकबिल्यासह येतात. तिकडे वणीच्या कोळसापट्ट्यात ट्रकचालकांची व मजुरांची वर्दळ आहे. कळंबास चिंतामणीच्या दर्शनाकरिता यात्रेकरू येतात. आणि नवरात्रात तर यवतमाळ नगर पाहुण्यांनी फुलून जाते. या सर्वांना रात्र कोठे तरी काढावीच लागते. कोणी लॉजमध्ये, कोणी धर्मशाळेत, कोणी मंगल कार्यालयाच्या दालनात, कोणी कारखान्याच्या आवारातील पत्र्याच्या छपरात, आणि ज्याला यांपैकी काही परवडत नाही तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात किंवा बसस्थानकाच्या फरशीवर अंग टाकतो.

आता या जागांवर सरकारची नजरच नाही काय? नजर आहे, पण ती वाटली गेलेली आहे. लॉजच्या वहीत कोण उतरला, कोठून आला, हे पोलीस पाहतात. स्वयंपाकघर असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे परवाना किंवा नोंदणी लागते. आगीपासून बचावाची साधने नीट आहेत असा दाखला २००६ च्याच महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालकाने वर्षातून दोन वेळ, जानेवारीत व जुलैत, द्यावयाचा असतो. नोकरांच्या कामाचे तास मजूर खाते पाहते. धर्मशाळा एखाद्या विश्वस्त संस्थेची असेल तर तिचे हिशेब १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीकडे जातात. म्हणजे पाहुण्याचे नाव तपासले जाते, भोजन तपासले जाते, आग तपासली जाते, जमाखर्च तपासला जातो. परंतु एका खोलीत किती माणसे निजतात, खिडकी उघडते की खिळे ठोकून बंद केली आहे, गच्चीवरील टाकी शेवटी कधी घासली, दहा खोल्यांमागे संडास किती, आणि काल ज्या गादीवर खोकणारा मनुष्य निजला तीवर आज दुसरा निजण्यापूर्वी ती उन्हात पडली काय, हे विचारणारा नियमित अधिकारी त्या मालिकेत शोधूनही सापडत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी अशी आपल्यात म्हण आहे. येथे तर पाहुणा पाच खात्यांचा आहे, मग तो रोगाच्या तावडीत सापडला तर नवल ते काय?

कोणी म्हणेल की, चार ढेकूण चावले व चादर मळकी निघाली तर एवढे अग्रलेख लिहिण्यासारखे काय घडले? त्यास आमचे उत्तर असे की, प्रश्न चादरीचा नाही. प्रश्न तीन गोष्टींचा आहे, हवा, पाणी आणि साठवण. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ साली शोधून काढला. तो रोग्याच्या खोकल्यातून हवेत जातो, आणि कोंदट खोलीत तासन् तास तरंगत राहतो, हे आता शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. ज्या खोलीत चौघांपुरती हवा आहे तेथे दहा माणसे आठ तास निजविली म्हणजे त्या जंतूस याहून सोयीचे घर कोणते? २०२३ सालच्या जागतिक गणनेत क्षयाच्या नव्या रोग्यांपैकी सुमारे २६ टक्के एकट्या भारतात होते. हा रोग २०२५ पर्यंत देशातून हद्दपार करण्याचा संकल्प केंद्र सरकारने सोडला होता. ते वर्ष सरले, रोग सरला नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पटकी, कावीळ, हगवण हे सर्व पाण्यातून येणारे पाहुणे होत. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह हे यवतमाळचे दोन्ही जलाशय आटून नगराचे जे हाल झाले ते वाचक विसरले नसतील. अशा टंचाईत मिळेल तेथून टँकर येतो, मिळेल त्या टाकीत ओतला जातो, आणि त्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहण्याची कोणास सवड नसते. तिसरी गोष्ट साठवणीची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, व अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस टाकी व हौद कोरडा केला तर ही पिढीच खुंटते; पण ते कोणी तरी करावयास पाहिजे आणि केले की नाही हे कोणी तरी पाहावयास पाहिजे. आणि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, प्रवासी सकाळी उठून निघून जातो. त्याने घेतलेला जंतू तिसऱ्या दिवशी घाटंजीस किंवा पुसदेस पोहोचतो, आणि मूळ जागेचा पत्ता कधीच लागत नाही.

हा विचार नवा आहे असेही नाही. इंग्लंडात लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या खटपटीने १८५१ साली सामान्य लॉजिंग-घरांचा कायदा झाला. गोरगरिबांस रात्रीपुरती जागा भाड्याने देणाऱ्या प्रत्येक घराची नोंद, प्रत्येक खोलीत निजावयाच्या माणसांची ठरलेली संख्या, ज्वराचा रोगी आढळताच खबर, आणि अधिकाऱ्यास केव्हाही आत येऊन पाहण्याची मुभा ही त्या व्यवस्थेची अंगे होती. १८७५ च्या आरोग्य कायद्याने तर भिंतींस व छतास दरवर्षी एप्रिल व ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चुना दिलाच पाहिजे, असे ठरवून टाकले. एक गोष्ट मात्र आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. लंडन शहरात हे काम आरंभी पोलिसांकडे होते. १८९४ साली ते पोलिसांकडून काढून लंडनच्या लोकनियुक्त कौंटी कौन्सिलकडे देण्यात आले. कारण उघड आहे. पोलिसाचा डोळा चोर शोधण्यास तरबेज असतो, मोरी पाहण्यास नव्हे. आणि जेथे पोलीस येतो तेथे मालक लपवितो, जेथे आरोग्याचा अधिकारी येतो तेथे मालक निदान विचारतो तरी. आज आपल्याकडची लॉजची वही पोलिसांच्या हाती आहे ती तशीच राहो. पण तिच्या शेजारी दुसरी वही पाहिजे, व ती नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाच्या हाती पाहिजे.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. जगन्नाथपुरीस यात्रेबरोबर पटकी पसरते हे पाहून १८७१ साली तेथील उतारघरांकरिता स्वतंत्र कायदा झाला. घरवाल्यास परवाना, माणसांची मर्यादा, आणि त्या फीच्या पैशातून आरोग्याची व सफाईची व्यवस्था, अशी त्याची रचना होती. त्याहीपूर्वीच्या १८६७ च्या सराई कायद्यात सराईवाल्याने खोल्या, गटारे, विहिरी स्वच्छ ठेवाव्या, सांसर्गिक रोग्याची खबर द्यावी व दराचे पत्रक लावावे, अशी कलमे होती. हा कायदा कालबाह्य झाल्याने रद्द करावा अशी शिफारस विधि आयोगाने २०१४ साली केली, आणि जुन्या शब्दांचा कायदा बाजूस सारण्यात आमची तक्रार नाही. परंतु कायदा जुना होतो म्हणून त्यातील कर्तव्य जुने होत नाही. दीडशे वर्षांपूर्वी सराईच्या विहिरीबद्दल जी काळजी कागदावर तरी होती ती आज लॉजच्या टाकीबद्दल कागदावरही नसावी, हे आमच्या प्रगतीस शोभत नाही.

व्यापारी वाचकांस आम्ही सुरतेची आठवण देऊ इच्छितो. १९९४ च्या भाद्रपद-आश्विनात प्रथम आमच्याच बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि मागोमाग सुरतेस प्लेग उद्भवल्याची बातमी पसरली. सुरत सोडून लाखो लोक पळाले, हिऱ्यांचे व कापडाचे कारखाने थंडावले, आणि परदेशांनी हिंदुस्थानच्या विमानांकडे व मालाकडे संशयाने पाहिले. आरोग्यावर खर्च करण्यास जे नगर कुरकुरत होते त्याने चार आठवड्यांत त्याच्या कित्येक पट गमावले. पुढच्याच वर्षी एस. आर. राव हे तेथे आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वॉर्डात फिरलेच पाहिजे असा दंडक त्यांनी घातला, घाणेरड्या खाणावळींवर लहानमोठा भेद न करता कारवाई केली, आणि देशातील अत्यंत गलिच्छ म्हणून गाजलेले शहर स्वच्छतेचे उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले. सुरतेने हे संकटानंतर केले. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आम्हांस का पाहिजे?

आता आक्षेपांचा विचार करू. कारण त्यांत तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप लॉजमालकांचा. नियम वाढले की खर्च वाढतो, खर्च वाढला की दर वाढतो, व शेवटी भुर्दंड गरिबाच्याच माथी बसतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही संगमरवरी फरशी किंवा वातानुकूल खोल्या मागत नाही. चुना महाग नाही, उघडी खिडकी फुकट आहे, टाकी घासण्यास एका माणसाचा अर्धा दिवस लागतो. आम्ही मागतो ते इतकेच. दुसरा आक्षेप व्यापारी मंडळींचा, आणि तो अधिक वजनदार आहे. एक निरीक्षक वाढला म्हणजे एक हात वाढतो, असे ते म्हणतात. नियम मोघम असला की तो लाचेचे शेत होतो, हे आम्हीही जाणतो. यावर उपाय नियम टाळणे हा नसून नियम मोजता येण्याजोगा करणे हा आहे. 'जागा समाधानकारक असावी' असे लिहिले तर समाधान विकत मिळते. 'या खोलीत सहा माणसे' असे दारावर रंगविले तर सातवे माणूस पाहुण्यालाही मोजता येते. तपासणीचा छापील तक्ता असावा, त्याची एक प्रत दर्शनी भिंतीवर लागावी, आणि सर्व जागांचा निकाल नगरपरिषदेने जाहीर करावा. दहा जणांनी वाचलेला कागद खिशात घालता येत नाही.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८९७ साली पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तात जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. घरांत शिरून झडत्या, स्त्रियांची विटंबना, सामानाची नासधूस, आणि अखेर २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर झाडलेली गोळी. आरोग्याच्या नावाखाली सत्ता माजली म्हणजे लोक रोगापेक्षा अधिकाऱ्यास अधिक भितात व रोगी लपवितात. २०२० च्या कोरोनाच्या साथीतही रोग्याकडे गुन्हेगारासारखे पाहण्याची वृत्ती ठिकठिकाणी दिसलीच. म्हणून आमचा आग्रह असा की, तपासणी वास्तूची व्हावी, व्यक्तीची नव्हे. अधिकाऱ्याने भिंत पाहावी, टाकी पाहावी, खाटा मोजाव्या; निजलेल्याची जात, धर्म किंवा कागदपत्रे त्याने विचारू नयेत. आणि एखादा पाहुणा आजारी आढळला तर मालकाने त्यास रस्त्यावर काढू नये, रुग्णालयास कळवावे. कळविणाऱ्या मालकास दंड नव्हे, संरक्षण मिळावे. खबर देण्याने धंदा बुडतो असे एकदा मालकाच्या मनाने घेतले की पुढची खबर कधीच येणार नाही.

चौथी गोष्ट आक्षेप नसून इशारा आहे. वाईट जागा बंद पाडल्या आणि चांगल्या उघडल्या नाहीत, तर तेथला मनुष्य फरशीवरून फुटपाथवर जाईल, एवढाच फरक पडेल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ साली ठरविलेल्या मापाप्रमाणे बेघरांच्या निवाऱ्यात माणशी ५० चौरस फूट जागा असावी, आणि लाख वस्तीमागे किमान १०० माणसांची सोय असावी. यवतमाळ नगराची वस्ती २०११ मध्येच १ लाख १६ हजारांवर होती. हे माप पुढे ठेवून नगरपरिषदेने आपला हिशेब नागरिकांस द्यावा, आणि त्यात रुग्णांच्या नातेवाइकांची सोय प्रथम धरावी. ज्याचा मुलगा खाटेवर पडला आहे तो बाप स्वतः आजारी होऊन घरी परतला तर त्या कुटुंबाचा पेरणीचा हंगाम गेलाच म्हणून समजावे.

तर मग करावे काय? आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. नगरपरिषदांस स्थानिक उपविधी करण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाने दिलेला आहे; त्याचा उपयोग करून भाड्याने असो वा धर्मार्थ असो, परगावच्या माणसांस रात्री निजण्यास जागा देणाऱ्या प्रत्येक वास्तूची आरोग्य विभागाकडे नोंद व्हावी, आणि ही नोंद विनामूल्य असावी. लॉज, धर्मशाळा, खासगी वसतिगृहे व जिनिंगच्या आवारातील मजुरांची छपरे ही सर्व तीत यावीत. प्रत्येक खोलीच्या दारावर माणसांची संख्या रंगवावी. वर्षातून दोन वेळ, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा नवरात्रापूर्वी, चुना, टाकीची सफाई व तपासणी व्हावी. पाण्यातील क्लोरीनची चाचणी काही मिनिटांची आहे. ती त्या वेळी सर्वांसमक्ष करावी. दोष आढळल्यास प्रथम मुदत द्यावी, मग दंड, आणि तरीही न सुधारल्यास कुलूप. जी धर्मशाळा खरोखर गरिबांस फुकट किंवा नाममात्र दराने ठेविते तिला दुरुस्तीकरिता नगरपरिषदेने मालमत्ताकरात जेवढी नियमाने देता येईल तेवढी सवलत द्यावी. हे सर्व करण्यास नवे खाते नको, मोठे भांडवल नको. आहे त्या आरोग्य विभागास एक वही, एक तक्ता व ती वही खरोखर भरण्याची सक्ती एवढेच पाहिजे.

आणि हे काम केवळ सरकारचे म्हणून हात झटकणाऱ्या सद्गृहस्थांस आम्ही आपल्याच वऱ्हाडातील एका पुरुषाची आठवण देतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांपाशी पदवी नव्हती, पद नव्हते. होता तो एक खराटा व एक फुटके मडके. पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांच्या खटपटीने धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरास ज्यांना इतर धर्मशाळांची दारे बंद होती त्या अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा झाली, आणि मुंबईस रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. धर्मशाळा बांधणे हे पुण्य आणि ती झाडणे हे हलके काम, असा भेद त्यांनी कधी केला नाही. आम्ही मात्र दगडावर नाव कोरण्यास देणगी देतो, आणि पुढे त्या दगडाखालच्या मोरीकडे पिढ्यान् पिढ्या पाहत नाही. त्यांच्या नावाने २००० सालापासून राज्यात ग्रामस्वच्छतेचे अभियान चालू झाले, ते योग्यच झाले. पण त्यांचे नाव घेणाऱ्या नगरात पाहुण्याची खोली अंधारी व दमट राहिली, तर ते स्मरण कोरडेच म्हणावे लागेल.

शेवटी वेळेविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाकरिता घातलेली मूर्तिजापूरची अरुंद आगगाडी बंद पडली; पण नागपूर-तुळजापूर महामार्ग या गावावरून जातो, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. रूळ यवतमाळात पोहोचून पुढे नांदेडाकडे निघाले म्हणजे माल वाढेल, गिऱ्हाईक वाढेल, आणि निजावयास जागा मागणारा परगावचा मनुष्यही वाढेल. गाडीबरोबर पैसा येतो हे आमच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. गाडीबरोबर रोगही येतो हे सांगणे मात्र आमचे काम आहे. स्टेशनापुढे लॉजची रांग उभी राहील तेव्हा नियम करू म्हणणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालू म्हणण्यासारखे होय. आज या जागा मोजता येण्याइतक्या आहेत, म्हणून त्या आजच मोजाव्या. नगरपरिषदेच्या पुढील सभेत एखाद्या सभासदाने एवढाच प्रश्न विचारावा: आमच्या नगरात आज रात्री परगावची माणसे किती ठिकाणी निजणार आहेत, आणि त्यांपैकी किती जागा आरोग्य विभागाने गेल्या वर्षभरात पाहिल्या? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळाले तर कामास आरंभ झाला असे आम्ही समजू. उत्तरादाखल मौन मिळाले, तर तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे हे नागरिकांचे व वृत्तपत्रांचे कर्तव्य आहे, व ते आम्ही तरी सोडणार नाही.